टाकी, कॉइल आणि वात : सिगरेट सोडतानाचा अनुभव

सिगरेट सोडायची म्हणून जो व्हेपकडे, म्हणजे ई-सिगरेटकडे, वळतो, त्याला विकणारा आधी फ्लेवर दाखवतो. आंबा, पुदिना, पान, कॉफी. पण झुरका कसा लागणार, घशाला काय जाणवणार, तलफ भागणार की नाही, हे ठरतं लिक्विड भरायच्या टाकीत आणि टाकीच्या बुडाशी बसलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कॉइलमध्ये. २०१५ ते २०१९ या काळात मी चार प्रकारच्या टाक्या आणि ॲटमायझर, म्हणजे वाफ करणारे भाग, वापरले. माझं काम लिफ्टच्या देखभालीचं. ओहम, अँपिअर, जळकी वायर हे रोजचं, त्यामुळे प्रत्येक वस्तू उघडून, मोजून, पुन्हा जोडून बघायची सवय. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

आधी कायद्याचं. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. तेव्हापासून भारतात ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. मी सांगतोय तो अनुभव त्याच्या आधीचा. आज मुंबईत कुणी चोरून विकत असेल तर तो गुन्हा आहे आणि तिकडे जाऊ नका असंच मी सांगेन. तरीही हे लिहावंसं वाटलं, कारण सिगरेट सोडताना माणसाला नेमकं काय हवं असतं हे मला या टाक्यांच्या तुलनेतून समजलं, आणि ते आजही कामाचं आहे.

यंत्र मुळात साधं आहे. खाली बॅटरी, वर ॲटमायझर. ॲटमायझरमध्ये बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. तिच्या आतून किंवा भोवतीने कापूस. समईत वात जसं तेल वर खेचते तसा हा कापूस टाकीतलं लिक्विड कॉइलपर्यंत खेचतो. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते, ती नळीतून तोंडात येते. हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये याचं पेटंट केलं, तेव्हा त्याच्या रचनेत तापणारी तार नव्हती, अल्ट्रासाउंडच्या कंपनाने थेंब फोडायचे होते. पुढे सगळ्यांनी तापत्या तारेचाच मार्ग धरला. टाकी आणि बॅटरी जिथे जुळतात त्या आट्यांना सगळे ‘पाचशेदहा’ म्हणतात, ५१० नावाच्या एका जुन्या मॉडेलवरून. या एका मापामुळे कुठल्याही कंपनीची टाकी कुठल्याही बॅटरीवर बसते, आणि म्हणूनच टाक्यांची तुलना करणं शक्य होतं. बॅटरी तीच ठेवायची, वरचं बदलत जायचं.

लिक्विडमध्ये मुख्य दोन द्रव असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन. पहिला पातळ, घशाला ठोका देणारा. त्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअस. दुसरा मधासारखा दाट, किंचित गोड, वाफ भरपूर देणारा, पण २९० अंशाला उकळणारा. त्यात फ्लेवर आणि निकोटिन. निकोटिन दर मिलिलीटरला किती मिलिग्रॅम ते बाटलीवर लिहिलेलं असतं : १८, १२, ६, ३, शून्य. हे आकडे आणि द्रवांचं प्रमाण टाकीशी जुळलं नाही तर चांगली टाकीही वाईट वाटते. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

माझ्या हाती पहिल्यांदा आली ती सीई-फोर नावाने विकली जाणारी प्लास्टिकची नळी. तेव्हा जिथे तिथे हीच मिळायची. पेनासारखी बॅटरी, वर पारदर्शक नळी, दीडेक मिली लिक्विड मावेल एवढी. कॉइल वरच्या टोकाला, तोंडाजवळ, आणि तिथून सिलिकाच्या पांढऱ्या दोऱ्या खाली लिक्विडमध्ये सोडलेल्या. वरून तापत असल्यामुळे वाफ गरम लागते, सिगरेटची सवय असलेल्याला ते आवडतं. पण दोरीला लिक्विड वर चढवावं लागतं. टाकी अर्धी झाली की दोरीचं वरचं टोक कोरडं पडतं आणि जळका झुरका येतो. तो एकदा आला की विसरता येत नाही. घसा खरवडल्यासारखा होतो आणि तोंडात जळक्या कापडाची चव तासभर राहते. यावर उपाय एकच, दर चार-दोन झुरक्यांनी नळी आडवी करून दोऱ्या भिजवायच्या. ठाण्याहून लोअर परळला उभ्याने जाणाऱ्या माणसाने स्टेशनाबाहेर पडल्यावर आधी नळी आडवी धरून वाट बघायची, हे टिकणारं नव्हतं. तलफ आलेल्या माणसाला थांबायला सांगितलं की तो समोरच्या टपरीवर सुटी सिगरेट घेतो. मीही घेतली.

त्या नळीचा दुसरा दोष मला लवंग-दालचिनीच्या लिक्विडने दाखवला. संध्याकाळी भरलेली नळी सकाळी बघितली तर प्लास्टिक आतून धुरकट झालेलं, आणि खिडकीशी धरल्यावर त्यात केसाएवढ्या चिरांचं जाळं. दालचिनी, लिंबूवर्गीय फळं, बडीशेप यांच्या अर्कातले काही घटक प्लास्टिक खातात. तेव्हापासून टाकी काचेचीच घ्यायची हा माझा पहिला नियम झाला.

दुसरी टाकी काचेची, बुडाशी कॉइल असलेली, दोन मिलीची. अस्पायर कंपनीची नॉटिलस मिनी. माझा मावसभाऊ लंडनला असतो, त्याने सुट्टीत येताना आणली. “दादा, बाकी सगळं सोड, ही वापर आणि मला सांग,” एवढंच बोलला. तिकडे सरकारी आरोग्य यंत्रणा सिगरेट सोडणाऱ्याला व्हेपचा पर्याय उघडपणे सांगते. २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने व्हेप सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज छापला, आणि त्यावर जगभर वादही झाला. कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, हे तो भाऊही सांगायचा. २०१६ पासून युरोपात टाकी दोन मिलीहून मोठी नको, निकोटिन मिलीला २० मिलिग्रॅमहून जास्त नको आणि भरण्याची बाटली दहा मिलीहून मोठी नको, असे नियम लागू झाले. आपल्याकडे तेव्हा ना नियम होते ना बंदीची स्पष्टता. काय भरलंय हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मानायचं.

या टाकीत कॉइल लिक्विडच्या तळाशी बसते. लिक्विड वजनानेच कापसापर्यंत येतं, वर चढवावं लागत नाही. नवी कॉइल बसवण्याची एक रीत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. कॉइलच्या धातूच्या डबीला बाजूला बारीक भोकं असतात, त्यांतून पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक भोकावर एकेक थेंब टाकायचा, कापूस पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होताना दिसतो. मग वरच्या तोंडातून दोन थेंब. मग टाकी भरायची, आणि दहा-पंधरा मिनिटं बटणाला हात लावायचा नाही. नंतर बटण न दाबता दोन-तीनदा नुसती हवा ओढायची, बुडबुडा वर आला की समजायचं लिक्विड आत पोचलं. ही दहा मिनिटं वाचवली तर कॉइल पहिल्याच झुरक्याला करपते आणि पुन्हा सुधारत नाही.

पण या टाकीचं खरं मोल तिच्या हवेच्या कडीत होतं. बुडाशी एक फिरणारी कडी, तिच्यात वेगवेगळ्या मापांची बारीक छिद्रं. सगळ्यांत बारीक छिद्र ठेवलं की ओढ इतकी घट्ट होते की सिगरेटच ओढतोय असं वाटतं. सिगरेट पिणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो, क्षणभर धरतो, मग छातीत नेतो. वर्षानुवर्षं गालांना, जिभेला, घशाला त्याच क्रमाची सवय असते. घट्ट ओढीची टाकी तो क्रम मोडत नाही. कॉइल १.८ ओहमची. लिथियमच्या ३.७ व्होल्टला भागलं की दोन अँपिअरच्या आसपास करंट आणि साडेसात वॉट. वाफ थोडी, पण लिक्विड १८ मिलिग्रॅमचं, म्हणून पाच-सात झुरक्यांत तलफ बसायची. दोन्ही द्रव समसमान घातलेलं लिक्विड तिला चालायचं. ग्लिसरीन ७० टक्के असलेलं दाट लिक्विड घातलं की बारीक भोकांतून उतरायचं नाही आणि कापूस कोरडा पडायचा. माझ्या सिगरेट कमी झाल्या त्या या टाकीवर. सकाळच्या चहाबरोबरची तेवढी राहिली, बाकीच्या एकेक करत गेल्या.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण २०१६-१७ हा मोठ्या टाक्यांचा काळ होता. ज्याच्या त्याच्या हातात जाडजूड मोड, म्हणजे मोठ्या बॅटरीची पेटी, त्यावर पाच-सहा मिलीची टाकी, आणि तोंडातून गणपतीच्या आरतीतल्या धुपासारखे ढग. मलाही बघायचं होतं की हे सिगरेट सोडवायला जास्त उपयोगी आहे का, कारण माझी चहाबरोबरची अजून सुटत नव्हती. एका मित्राने त्याची टाकी मोडसकट काही आठवडे वापरायला दिली.

इथे कॉइलचा रोध अर्ध्या ओहमहून कमी. हवेची दारं मोठी. ओढ अशी की तोंडात धरायचा प्रश्नच नाही, वाफ थेट छातीत. समजा कॉइल ०.२ ओहमची आहे. ३.७ व्होल्टला साडेअठरा अँपिअर आणि ६८ वॉट होतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, म्हणजे ४.२ व्होल्ट, तर एकवीस अँपिअर. साधी १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, एवढा करंट सहन करेलच असं नाही. चांगल्या कंपनीच्या चांगल्या सेलची मर्यादा सलग वीस अँपिअरच्या आसपास. नियंत्रक चिप असलेला मोड यावर लक्ष ठेवतो, चिप नसलेल्या नुसत्या धातूच्या नळीत लक्ष ठेवणारं कुणी नाही. मी ती नळी कधी हातात घेतली नाही, आणि घेणाऱ्यांना अडवत आलो.

सेलबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण इथे बोटं आणि मांड्या जळतात. रस्त्यावर ९९०० एमएएच छापलेल्या १८६५० सेल मिळत. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास होती, तेव्हा ९९०० छापणाऱ्याने आत काय घातलंय याचा विचार करा. सेलवरचं रंगीत प्लास्टिक कुठे फाटलं असेल तर ती सेल बाजूला ठेवायची, कारण वरच्या कडेपर्यंतचा सगळा पत्रा ऋण टोकाचा असतो, तो धन टोकाशी जोडला गेला की शॉर्ट. आणि सुटी सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकायची नाही. मी प्लास्टिकच्या डबीतच नेई. गर्दीच्या लोकलमध्ये खिशात शॉर्ट झालेली लिथियम सेल फेकायलाही जागा नसते. हे व्हेपपुरतं नाही, टॉर्चच्या आणि पॉवर बँकेच्या सेललाही लागू आहे.

मोठ्या टाकीचा हिशोब मी वहीत मांडला होता. छोट्या टाकीत १८ मिलिग्रॅमचं लिक्विड दोन मिली संपलं तर ३६ मिलिग्रॅम निकोटिन. मोठ्या टाकीत १८ चं लिक्विड घालताच येत नाही, छाती भरून एवढी वाफ घेतली की डोकं गरगरतं, मळमळतं. तिथे ३ मिलिग्रॅमचं चालतं. दहा मिली संपलं तर ३० मिलिग्रॅम. म्हणजे निकोटिन जवळपास तेवढंच, पण लिक्विड पाचपट. पैसे पाचपट, आणि फुप्फुसांत जाणारे फ्लेवर आणि ग्लिसरीन पाचपट. निकोटिनची तलफ भागवण्यासाठी हे पाचपट कशाला, याचं उत्तर मला सापडलं नाही. शिवाय ती ओढ सिगरेटची नव्हतीच. चहाबरोबरची सिगरेट या टाकीमुळे सुटली नाही, उलट ढग काढून झाल्यावर तोंडाला काहीतरी राहिल्यासारखं वाटे आणि हात पाकिटाकडे जाई. घरात पडद्यांवर ग्लिसरीनचा चिकट थर बसला, बायकोने तो बोटाने पुसून मला दाखवला आणि मुलीच्या खोलीकडे बोट केलं. टाकी मित्राला परत गेली.

चौथा प्रकार मी सगळ्यांत आवडीने वापरला, तो स्वतः बांधायच्या ॲटमायझरचा. यात तयार कॉइल नसते. दोन खांब असतात, त्यांना स्क्रू. तार आपण गुंडाळायची, कापूस आपण घालायचा. टाकी नसलेला प्रकार असतो त्यात दर काही झुरक्यांनी वरून थेंब टाकायचे. टाकी असलेला प्रकार माझ्याकडे होता.

तार कँथलची, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. २८ गेजची तार अडीच मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर सहा वेढे घेतली की साधारण १.१ ओहम येतात. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या साध्या मल्टिमीटरवर एवढा कमी रोध नीट कळत नाही, टोकांच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करायचा. मोडच्या पडद्यावरचा आकडा त्याच्याशी जुळला तर ठीक. मग कापूस न घालता बटण क्षण-क्षण दाबायचं. सुरुवातीला एखादं टोक आधी लाल होतं, मधला भाग काळाच. सिरॅमिकच्या चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच फिरवायचं, थोडं दाबायचं, पुन्हा बटण. असं करत करत लाली मधून सुरू होऊन दोन्ही बाजूंना सारखी पसरायला लागते. तशी पसरली की कॉइल तयार. एका जागी जास्त तापत राहिली तर तिथला कापूस करपणार हे ठरलेलं.

कापूस औषधाच्या दुकानातला शोषक कापूसही चालतो, पण तो उकळून, वाळवून घेतला तरी पहिले काही झुरके कापसाची चव येते. न ब्लीच केलेला जपानी कापूस मिळाला तर उत्तम. किती घालायचा, हीच या कामातली खरी मेख. ओढताना कॉइल हलेल इतका घट्ट नको आणि सुळकन निसटेल इतका सैलही नको. दोन्ही शेपट्या खाली लिक्विडच्या वाटेवर अलगद ठेवायच्या. शेपटी जाड राहिली तर वाट बंद होते आणि झुरका कोरडा, बारीक राहिली तर हवेच्या भोकातून लिक्विड गळून शर्टावर. हे हाताला कळतं, वाचून कळत नाही. आमच्या लिफ्टच्या कामात ब्रेकचं अंतर लावताना जसा हात लागतो, त्यातलंच हे काम, म्हणून मला त्यात रस वाटला.

चव मात्र अप्रतिम. तयार कॉइलमध्ये जे लिक्विड नुसतं गोड लागतं त्यात इथे वेलची वेगळी, कॉफी वेगळी कळते. गोड लिक्विडातला स्वीटनर तारेवर काळ्या खपल्यांसारखा साचतो, तेव्हा कापूस काढून, तार लाल करून, पाण्याखाली धरून स्वच्छ करता येते आणि नवा कापूस घालून तीच कॉइल पुन्हा चालते. खर्च जवळजवळ नाहीच. पण याच आवडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रविवारी दुपारी मी दोन-दोन तास तारा गुंडाळत बसायचो. सिगरेट सुटण्यासाठी घेतलेलं साधन आता मला स्वतःभोवती ठेवत होतं. नव्या टाकीची, नव्या तारेची, नव्या कापसाची ओढ निकोटिनच्या ओढीला जोडली गेली होती. छोट्या काचेच्या टाकीच्या बाबतीत हे होत नव्हतं. ती भरायची, ओढायची, खिशात ठेवायची, आणि तिच्याबद्दल विचार करण्यासारखं काही उरत नसे. सिगरेट सोडणाऱ्याला असंच कंटाळवाणं साधन हवं, हे माझं ठाम मत झालं.

मुंबईच्या हवेचा सगळ्यांवर परिणाम होतो, तो वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात लिक्विड पातळ होतं. टाकीतली वरची हवा तापून फुगते आणि लिक्विडला खालच्या वाटेने बाहेर ढकलते. दुपारच्या उन्हात बॅग मोटरसायकलच्या डिकीत ठेवली की संध्याकाळी टाकी अर्धी आणि बॅगेचा तळ चिकट. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवा थोडी, म्हणून गळती कमी. हवेची कडी बंद करून, टाकी उभी ठेवून नेली की आणखी कमी. पावसाळ्यात पाचशेदहाच्या मधल्या पिनेवर काळपट थर येतो आणि मोड भलताच ओहम दाखवतो, तेव्हा कोरड्या कापडाने आणि थोड्या स्पिरिटने पुसायचं. निकोटिन उजेडात आणि उष्णतेत तपकिरी होतं, त्यामुळे बाटल्या अंधारात, थंड जागी. आमच्याकडे त्या कपाटाच्या वरच्या खणात कुलपात असत, कारण हे लिक्विड पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. ज्याच्या घरात मूल आहे त्याने फ्लेवर, टाकी सगळं नंतर, आधी कुलूप.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना या वस्तूंवर बंदी घालण्याचा सल्ला दिला आणि मुंबईत कॉइल मिळणं अवघड होत गेलं. त्याच सुमाराला पॉड नावाची चपटी, छोटी साधनं आली. निकोटिनच्या क्षारांमुळे घशाला न टोचणारी, आणि ताकद मात्र जबर. अमेरिकेत गाजलेल्या एका पॉडमध्ये मिलीला ५९ मिलिग्रॅम निकोटिन असायचं, युरोपच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. घट्ट ओढ, सोपं भरणं, हे सगळं मला छोट्या टाकीत आवडलेलं त्यात होतं, पण ज्याने कधी सिगरेट ओढली नाही अशा शाळकरी मुलाला ते पहिल्या दिवसापासून पकडून ठेवतं. माझ्या भाच्याच्या वर्गातल्या मुलांकडे पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडल्याचं ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बंदीला माझा विरोध नव्हता तो यामुळे. सिगरेट टपरीवर राजरोस आणि हे बंद, हा अन्याय मला आजही टोचतो, पण त्याचा उपाय सिगरेट आवळण्यात आहे, मुलांच्या हाती पॉड देण्यात नाही.

२०१९ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ८८६ लोक होते. वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटपासून दूर होते, निकोटिनचा च्युइंगम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. सगळे पहिला आकडा सांगतात. मी दुसरा वाचला : सिगरेट सुटलेल्यांपैकी व्हेपवाले ८० टक्के लोक वर्षाअखेरही व्हेप ओढतच होते, तर च्युइंगम-पट्टीवाल्यांत आपलं साधन अजून वापरणारे ९ टक्के. रविवारच्या माझ्या दुपारींचं उत्तर त्या आकड्यात होतं.

त्या उन्हाळ्यात मी छोट्या टाकीवर परत आलो आणि निकोटिन उतरवत नेलं. १८ वरून १२, मग ६. दर टप्प्यावर शरीर बसेपर्यंत थांबायचं. ६ वर आलो तेव्हा झुरक्यांची संख्या वाढायला लागली, म्हणजे शरीर तेवढंच निकोटिन दुसऱ्या वाटेने वसूल करत होतं. तिथे मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम दिला आणि वापरायची पद्धत नीट समजावली. साध्या च्युइंगमसारखा चावत राहायचं नाही. हळूहळू चावायचं, जिभेला मिरमिरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिरमिर गेली की पुन्हा चार वेळा चावायचं, पुन्हा ठेवायचं. असा अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, गिळलं तर उचकी आणि जळजळ. चहा, कॉफी, लिंबू सरबत पंधरा मिनिटं आधी आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत नाही, कारण आंबट तोंडात ते शोषलं जात नाही. चहाबरोबरची सिगरेट शेवटी इथे सुटली. आधी च्युइंगम, मग चहा, आणि दोघांच्या मधल्या वेळात तलफ उतरून जायची.

अध्यादेश आला तेव्हा ज्यांच्याकडे साठा असेल त्यांनी तो जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा असं त्यात होतं. माझ्याकडे साठा नव्हता, उरलेली लिक्विडं आधीच संपवली होती. सेल ई-कचरा घेणाऱ्याकडे दिल्या, टोकांना चिकटपट्टी लावून, कारण भंगाराच्या पोत्यातही त्या शॉर्ट होतात. च्युइंगम पुढे काही महिने चालला, मग दिवसाला एक, मग प्रवासात खिशात असावा म्हणून नुसता ठेवलेला.

कामावरचे दोघे-तिघे अजून विचारतात, कुठली टाकी घेऊ, कुठे मिळेल. त्यांना मी १८००-११-२३५६ हा नंबर देतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने चालवलेली ही फुकट सेवा आहे, सिगरेटच्या पाकिटावरही छापलेली असते. परळच्या टाटा हॉस्पिटलातही तंबाखू सोडवण्यासाठी मदत मिळते. आणि च्युइंगम कसा ठेवायचा ते मी स्वतः करून दाखवतो, कारण बहुतेक जण तो भराभर चावून, उचक्या लागल्यावर टाकून देतात आणि म्हणतात याने काही होत नाही.